बुडखा गोड, शेंडा फिका

साखर कारखान्याच्या चिटबॉयाला आमच्या इस्लामपूर भागात काय मान असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. ऊस तुमचा, रान तुमचं, पाणी तुम्ही पाजलेलं; पण तो तोडायचा कधी, ते चिटबॉय ठरवणार. त्यानं चिठ्ठी दिली की टोळी येणार, टोळी आली की कोयता लागणार. त्यामुळं आमदार दारात आला तर लोक चहा देतात, पण चिटबॉय आला तर चहाबरोबर भजीही तळतात.

आमच्या चिटबॉयांनी अशी भजी पस्तीस हंगाम खाल्ली. त्यांचं खरं नाव मारुती, पण ते मतदार यादीत आणि लग्नपत्रिकेत, एवढंच. सत्तरी आली, नोकरी सुटून दहा वर्षं झाली, वरच्या दाढा सगळ्या गेल्या, तरी माणूस बॉयचा बॉयच राहिला. त्यांची बायको होती तोवर तीसुद्धा आमच्या दारात येऊन विचारायची, "आवं वैनी, आमचं चिटबॉय हिकडं आल्यात का?"

उंच, थोडे पोक आलेले, डोक्यावर टोपी, बारा महिने काखेत छत्री. आणि बोलणं असं, की जगात दोनच गोष्टी आहेत: पिकलेलं आणि कच्चं. मधलं काही नाही.

ऊस पिकला का, हे कारखान्याची माणसं कसं बघतात माहीत आहे का? एकाच उसाचा बुडखा चाखायचा आणि शेंडा चाखायचा. बुडखा आधी गोड होतो, शेंडा मागून. दोन्हीकडं सारखी गोडी लागली की ऊस तोडीला आला. त्याला एक दुर्बिणीसारखं नळकांडंही असतं, त्यात रसाचा थेंब टाकून उजेडाकडं बघतात. पण आमच्या चिटबॉयांना त्या नळकांड्याचा राग. "काचंला कशाला इचारायचं? दात कुणी दिल्यात?" असं म्हणून ते ऊस मोडून चावायचे. त्यातच दाढा गेल्या. मग ऊस चावता येईना, म्हणून ते माणसं चाखायला लागले, असं आमचे हे म्हणायचे.

आता माझ्या पुतणीचा किस्सा सांगते. तिला बघायला पाहुणे आलेले. मुलगा नाकीडोळी नीट, बोलायला मऊ. चिटबॉय शेजारी म्हणून येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला, आणि चिटबॉयांनी मुलाकडं वरपासून खालपर्यंत बघून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "खोडवा दिसतोय."

खोडवा म्हणजे पहिला ऊस तोडून झाल्यावर त्याच बुडख्याला फुटून येतं ते दुसरं पीक. जरा बारीकच असतं. चिटबॉयांना एवढंच म्हणायचं होतं, की मुलगा अंगानं किडमिडा आहे. पण मुलाच्या चुलत्यानं हातातली बशी खाली ठेवली. "तुमाला कुनी सांगितलं?" तो म्हणाला. मग सगळं बाहेर आलं. मुलाचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं होतं, आणि ते लपवून आले होते. पाहुणे गेले. चिटबॉय मला हळूच म्हणाले, "वैनी, म्या तर नुसतं हाडापेरावरनं म्हनलं वो." पण गावानं ते ऐकलं नाही. चिटबॉयांचा शब्द खाली पडत नाही, हे त्या दिवसापासून ठरूनच गेलं. आणि असं एकदा ठरलं, की माणसाला स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं.

आमच्या घराचं मागचं दार ग्राउंडावर उघडतं. आमचे हे पलटणीत होते. तिथं फुटबॉल शिकले आणि पेन्शनवर आल्यावर गावात घेऊन आले. गोलचे खांब त्यांनीच रोवले. ते गेले, पण पोरं खेळत राहिली. नोकरी सुटल्यावर चिटबॉयांना संध्याकाळ खायला उठायची. एक दिवस ते माझ्या मागच्या ओट्यावर येऊन बसले, खेळ बघितला, आणि विचारलं, "ह्यातलं गोल म्हंजी नेमकं काय?" आठव्या दिवशी ते पोरांना चिठ्ठ्या द्यायला लागले. खऱ्याखुऱ्या! कारखान्याचं एक जुनं कोरं पुस्तक त्यांच्याकडं उरलं होतं, त्यातली. गोलकीपरला त्यांनी लिहून दिलं, "तोडीस योग्य." तो पोलीस भरतीत लागला. झालं! मग पोरं सामना संपला की आपणहून रांगेत उभी राहायची.

एकाच पोराला चिठ्ठी मिळत नव्हती. जुबेर.

जुबेर आमच्या मुनीरभाई शिंप्यांचा नातू. तेव्हा सोळावं लागलेलं, काटकुळा, डाव्या बाजूनं पळायचा. त्या जागेला विंगर म्हणतात, हे मला चिटबॉयांनी सांगितलं, चिटबॉयांना जुबेरनं. मी फुटबॉलमधलं काय बोलणार? पण शेवयाची परात पालथी पडावी तसे त्याच्या समोरचे खेळाडू पसरायचे, हे मलाही दिसायचं. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला असायचा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि शेवटी काय व्हायचं? काही नाही. चेंडू लायनीबाहेर.

एक सामना माझ्या चांगला लक्षात आहे, कारण तो माझ्या कुरडयांवर संपला. ओट्याजवळ बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. जुबेरनं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसऱ्याला बसवलं. गोलपुढं आपल्याच संघातली दोन पोरं मोकळी उभी, "दे, दे" म्हणून बोंबलतायत. तेवढ्यात चकवलेला पहिला गडी उठून मागून आला. आणि हा बाबा गोलकडं पाठ करून त्याला परत चकवायला मागं गेला! चकवलंही. मग दुसऱ्याला परत. असं करत करत लायनीबाहेर, आणि लायनीबाहेरून माझ्या बाजेवर. मोज्यात कुरडया घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज्जी, सॉरी."

चिटबॉय म्हणाले, "वैनी, त्येला गोल करायचाच नव्हता. वाटंत जेवडी मानसं हायती, त्या समद्यांना भेटून यायचं हुतं."

यावरून वाद पेटायचा. दुपारची नमाज झाली की मुनीरभाई मशीन झाकून, गळ्यातली टेप तशीच ठेवून ओट्यावर यायचे. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, मधे माझी चहाची किटली.

"बघितलं का चिटबॉय? तिघांना पाडलं माझ्या पोरानं!"

"बघितलं की. चौथ्या खेपंला सवताच पडला."

"अवो, गवत ओलं होतं."

"गवत काय त्याच्या एकट्याच्याच पायाखाली वलं हुतं व्हय?"

"तुमाला कापडाची पारख नाही चिटबॉय. रेशीम हाय रेशीम! एक दिवस टीव्हीत दिसंल."

"रेशीम आसंल. पर सदरा कुटं झालाय? मुनीरभाई, मी खोटं बोलत न्हाई. पोराचा बुडखा लय गोड हाय. आसलं पाय म्या बघितलं न्हाईत. पर शेंडा फिका हाय, शेंडा! मान खाली घालून पळतंय. वर बगतच न्हाई, कोन कुटं हाय ते. डोसक्यात गोडी उतरली न्हाई अजून."

"उतरंल की."

"उतरंल तवा चिठ्ठी दीन."

असं दोन वर्षं रोज चाललं. गावातही दोन तट पडले. सलूनमध्ये, पानपट्टीवर, दूध संकलनावर. हा पोरगा मोठा होणार की बाकीच्या पोरांसारखा जेसीबीवर बसणार? निम्मे म्हणायचे होणार. निम्मे म्हणायचे, चिटबॉय कच्चा म्हणतायत ना, मग कच्चा. खुद्द जुबेर काही बोलायचा नाही. फक्त सामना संपला की चिठ्ठ्यांच्या रांगेपासून जरा लांब, बुटाची नाडी सोडत बसायचा. ती नाडी सुटायला फार वेळ लागायचा.

मग पुण्याचे एक फुटबॉलचे मास्तर आले. कुठल्याशा क्लबासाठी पोरं निवडत फिरत होते. फलटणला एक सामना बघायला आले, तिथं कुणी जुबेरचं नाव त्यांच्या कानावर घातलं, म्हणून त्याचा सामना बघायला आमच्या ग्राउंडावर आले. नेमका त्याच महिन्यात जुबेरच्या बापानं ठरवलेलं, की पुरे झालं आता. अठरावं लागलं, बारावी झाली. लोणंदला मामाचं दुकान आहे, तिथं बसायचं. म्हणजे हे मास्तर ही शेवटची गाडी होती, आणि ते ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी जुबेर खेळला नेहमीसारखाच. निम्मा सोनं, निम्मा कुरडया. मास्तरांनी गावकऱ्यांना विचारलं, "या मुलाला चांगलं ओळखणारं कोण आहे इथं?" आणि सगळ्या हातांची बोटं माझ्या ओट्याकडं वळली. मुनीरभाई नेमके पाणी प्यायला आत गेलेले.

मास्तर आले, बसले. "आजोबा, तुमचं काय मत?"

मी किटली हातात धरून उभी. मनात म्हणते, बोला बाबा आज तरी काहीतरी बरं. पण चिटबॉयांना पस्तीस हंगाम कुणीतरी विचारायचं, आणि मागची दहा वर्षं गावातल्या पोरांशिवाय कुणी विचारलं नव्हतं. आता शहरातला माणूस वही काढून विचारतोय! त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "पाय बगून भुलू नगासा. शेंडा फिका हाय. एक साल हुबा ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी वही मिटली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि गेले.

मुनीरभाईंनी आतून सगळं ऐकलं, पण ओरडले नाहीत. तेच वाईट. चिटबॉयांनी त्यांच्याकडं पँट शिवायला टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणून ओट्यावर ठेवली. एक पाय छान शिवलेला, इस्त्रीची धार काढलेली. दुसरा नुसताच कापलेला, दोरे लोंबणारा.

"ह्यो दुसरा पाय?" चिटबॉय म्हणाले.

"कच्चा हाय अजून," मुनीरभाई म्हणाले. "एक साल उभा राहू द्या." आणि टेप गळ्यात सारखी करून निघून गेले.

मला हसू आवरेना, पण हसायची सोय नव्हती. कारण मागोमाग जुबेर आला. कधी नव्हे तो मान वर करून. "चिटबॉय आबा, म्या तुमचं काय वाईट केलंवतं?"

"काय न्हाई रं."

"मग एकदा तरी हो म्हनायचं. एकदाच. तुमी न्हाई म्हनल्यावर हितं कोन हो म्हनतंय?"

तो गेला. चिटबॉय मला म्हणाले, "वैनी, म्या खोटं बोलायचं हुतं का?"

मी कधी त्यांच्या वादात पडले नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. "चिटबॉय, ऊस उभा ठेवला की गोड होतो, ते खरं. पण लयच उभा ठेवला तर काय होतं?"

"तुरा येतो," ते सवयीनं म्हणाले. "मग आतनं पोकळ पडतो."

चहा तसाच ठेवून उठले. छत्री ओट्यावरच विसरली. बारा महिने काखेतली छत्री!

तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळीच हजर. जुबेरला घरातून ओढून आणलेलं, मागून मुनीरभाई तोंड फिरवून. चिटबॉयांनी ग्राउंडाच्या एका कोपऱ्यात मला उभं केलं, एका कोपऱ्यात मुनीरभाईंना, तिसऱ्या कोपऱ्यात स्वतः. जुबेरला सांगितलं, "चेंडू घिऊन पळायचं. आमी हातात काय धरलंय ते वरडून सांगायचं. चेंडू सुटला तर परत. न सांगता म्होरं गेलास तर परत."

मग काय विचारता! मी स्वयंपाकघरातून जे मिळेल ते घेऊन उभी. लाटणं, किसणी, झारा. मुनीरभाई रंगीत चिंध्या धरायचे. चिटबॉय कधी छत्री, कधी टोपी, कधी चप्पल. आणि तो पोरगा पळता पळता ओरडतोय: "लाटणं! हिरवं! चप्पल!" पहिल्या दिवशी तर चेंडू एकीकडं आणि हा भलतीकडं. रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर थांबायचे. एका ड्रायव्हरनं विचारलं, "आज्जी, भांडी इकायला काडल्यात का?" पण महिन्याभरात पोरगं मी झारा पदराआड धरला तरी ओळखायला लागलं. त्याची मान वर आली होती. मान वर आल्यावर किती देखणा दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

यानंतर चिटबॉयांनी पुण्याला फोन केला. माझ्याच फोनवरून केला, म्हणून ऐकलं. आयुष्यात चूक कबूल केलेली नसली की शब्द सापडत नाहीत. बराच वेळ "हॅलो, हॅलो" झालं. मग म्हणाले, "मास्तर, त्या पोराची तारीख लावण्यात माजी चूक झाली. माजी. पोराची न्हवं." पलीकडून मास्तर काहीतरी बोलले. चिटबॉय म्हणाले, "साताऱ्याला? येतो की."

साताऱ्यात निवडीचा सामना होता. त्यात अर्धा तास जरी बरा खेळला तर बघू, असं मास्तरांचं म्हणणं. जुबेरच्या बापानं तेवढे दिवस लोणंद थांबवलं. आम्ही जीपनं गेलो. जीपमध्ये बघते तर चिटबॉयांच्या अंगावर नवी पँट, दोन्ही पायांची. कधी शिवून झाली, कुणी कुणाला काय म्हटलं, मला आजवर माहीत नाही. दोघं शेजारी बसून कऱ्हाडपर्यंत जुबेरवरून भांडत होते.

पहिल्या अर्ध्यात जुबेर आमच्याच बाजूनं पळत होता. चिटबॉयांनी मंडपातून एक प्लास्टिकची खुर्ची उचलून आणून लायनीला लावली. पण पोरगं घाबरलेलं. मान पुन्हा खाली. एकदा वर बघितलं, पण पास द्यायच्या ऐवजी सवयीनं ओरडलं, "झारा!" त्याच्या संघातली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मुनीरभाईंनी टोपीनं तोंड झाकून घेतलं. मास्तर घड्याळ बघत होते.

पुढचं आधी सांगून टाकते, दडवून ठेवायला मला जमत नाही. जुबेरला त्या क्लबानं घेतलं. पुण्यात आहे. कधी खेळतो, कधी बाकावर बसतो. टीव्हीत अजून दिसलेला नाही. तो खरंच मोठा होईल का, यावर मुनीरभाई आजही दुपारी येऊन ओट्यावर वाद घालतात, पण दुसऱ्या टोकाला कुणी नसतं, म्हणून मलाच "न्हाई" म्हणावं लागतं. चिटबॉय त्या साताऱ्यानंतर महिन्याभरानं गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी फलटणला लेकीकडं गेले. चार दिवसांसाठी म्हणून गेले. मग तिकडूनच ते वारल्याचा निरोप आला. मला जायला जमलं नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं ते दिसतात ते त्या दुसऱ्या अर्ध्यातलेच.

दुसऱ्या अर्ध्यात संघ बाजू बदलतात. डाव्या बाजूचा पोरगा पार पलीकडच्या लायनीला गेला. आम्ही अलीकडं. चिटबॉय उठले. "तिकडं एकटा पडंल," म्हणाले. मी म्हटलं, "गुडघे!" त्यांनी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. गोलच्या मागून, सावकाश. पाय वर केलेली खुर्ची डोक्यावर, तिची पाठ डोळ्यांपुढं आलेली.

ते अगदी गोलच्या पाठीमागं असताना जुबेरला चेंडू मिळाला. एकाला चकवलं. दुसऱ्याला चकवलं. पहिला उठून मागून आला. मी डोळे मिटणार, तेवढ्यात पोरानं मान वर केली. सावकाश, दारात कोण आलंय बघावं तशी. आणि चेंडू देऊन टाकला. मधल्या पोरानं नुसता पाय लावला. गोल!

सगळं ग्राउंड ओरडतंय, मुनीरभाई माझा खांदा धरून ओरडतायत, "दिला! वैनी, दिला त्यानं!" आणि पलीकडं ती खुर्ची डावीकडं वळतेय, उजवीकडं वळतेय. चिटबॉयांना काहीच दिसलं नव्हतं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली, ते झालं तेव्हा माणूस खुर्चीखाली.

त्यांनी खुर्ची खाली टाकली आणि धावत जाऊन, हो, धावतच, त्या गुडघ्यांनी, पलीकडच्या झेंडेवाल्या पंचाचा दंड धरला. पंच काहीतरी सांगत होता. चिटबॉय पुन्हा विचारत होते. पंचानं हातानं दाखवलं, चेंडू असा आला, असा गेला. चिटबॉयांनी जोरजोरात मान हलवली, ते नव्हे, ते नव्हे. आपल्या डोक्यावर टपली मारून त्यांनी परत विचारलं. सामना सुरू झाला तरी त्यांनी दंड सोडला नाही. शेवटी त्या बिचाऱ्या पंचानं झेंडा काखेत मारला, वाकला, पायात चेंडू असल्यासारखी दोन पावलं पळाला, आणि मग थांबून आपली हनुवटी वर उचलून दाखवली.

चिटबॉयांनी त्याचा दंड सोडला.